कुणीही मारा, पण गोल मारा

माझं लग्न कोल्हापूरच्या माणसाशी झालं आणि त्याच्याबरोबर फुटबॉल आमच्या घरात आला. माझं माहेर नागपूरचं. तिथे आमच्या घरी क्रिकेटसुद्धा वडील पेपरातच वाचायचे. कोल्हापुरात मात्र पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात. नवऱ्याच्या लहानपणी त्यांच्या पेठेचा संघ हरला की घरात मटण शिजत नसे, असं सासूबाई सांगतात. आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो तेव्हा पेठ मागे राहिली. मग तो शनिवारी सकाळी टीव्हीवर युरोपातल्या मॅचेस बघायला लागला. आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार. आठच्या सुमारास हा चहाचा मग घेऊन सोफ्यावर बसणार आणि मी त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणार, असं आमचं पंधरा वर्षं चाललं होतं. एवढ्या वर्षांत मी फुटबॉलमधलं एकच शिकले होते, की गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो. तेही आमची मुलगी तिच्या क्लबच्या टीममध्ये गोलकीपर झाली म्हणून.

मी विमा कंपनीत आहे, शॉमबर्गला. गाड्यांच्या विम्याचा हप्ता किती असावा हे आमचं खातं ठरवतं. कुठल्या वयाचा माणूस कुठल्या गावात वर्षाला सरासरी किती वेळा गाडी ठोकतो, हे मी काढते. रोज सकाळी पाऊण तास गाडी चालवत जायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांची सरासरी काढायची. या कामाचा एक दुर्गुण असा की हळूहळू माणसाला वाटायला लागतं, जगात सगळ्या गोष्टींचा भाव लोकांनी चुकीचा लावलाय आणि बरोबर भाव फक्त आपल्याला ठाऊक आहे.

एका शनिवारी टीव्हीवर मॅचच्या आधी जाहिरात आली. हल्ली आमच्या राज्यात पैज लावणं कायदेशीर झालंय आणि तशा ॲपच्या जाहिराती सारख्या चालू असतात. पडद्यावर लिहिलं होतं, अडीचपेक्षा जास्त गोल झाले तर डॉलरला इतके मिळतील.

"अर्धा गोल कसा होतो?" मी विचारलं.

"अर्धा होत नाही. तीन झाले तर जास्तवाले जिंकले, दोन झाले तर कमीवाले. मधे कोणी लोंबकळत राहू नये म्हणून अडीच."

मी उशीचा अभ्रा बाजूला ठेवला. हे तर माझंच काम होतं. क्वचित होणाऱ्या गोष्टी, एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या, ठरावीक वेळात किती वेळा होतील? चौकातल्या अपघातांना जे सूत्र आम्ही लावतो तेच इथे लागणार. मी विजेच्या बिलाच्या पाकिटामागे आकडेमोड केली आणि म्हटलं, "हा भाव चुकलाय."

"कशावरनं?"

"सरळ आहे. गोल हा एक अपघातच आहे."

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. लग्नानंतर मॅचच्या वेळी त्यानं आवाज बंद केल्याचं मला आठवत नाही.

"गोल म्हंजे अपघात?" तो म्हणाला. "आमच्या पेठेत बोलली असतीस तर तुला परत नागपूरला पोचवून आले असते."

पण मला आता कोणी थांबवू शकत नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी ऑफिसमधून आले की लॅपटॉप घेऊन बसे. इंटरनेटवर जुन्या मॅचेसचे निकाल फुकट मिळतात. ते सगळे मी एका शीटमध्ये ओतले. प्रत्येक संघानं त्याच्या शेवटच्या दहा मॅचेसमध्ये सरासरी किती गोल मारले, किती खाल्ले, त्यावरून पुढच्या मॅचमध्ये किती अपेक्षित, त्यावरून तीन किंवा जास्त होण्याची शक्यता किती. ती शक्यता आणि ॲपनं लावलेला भाव यांत आपल्या बाजूनं फरक निघाला की त्याला व्हॅल्यू म्हणायचं. व्हॅल्यू असेल तिथेच पैसे लावायचे, बाकी हात लावायचा नाही. आधी जुन्या मॅचेसवर हे सगळं चालवून बघितलं. समजा मी तेव्हाच पैसे लावले असते तर काय झालं असतं? उत्तर बघून मी उठून पाणी प्यायले. नफ्याच्या आलेखाची रेघ जिन्यासारखी वर वर जात होती.

आता जी बाई स्वतःच्या ऑफिसात नवीन पोरांना "रेघ फार सुंदर दिसली तर आधी संशय घ्या" असं शिकवते, तिनं इथे संशय घ्यायला हवा होता. मला संशय आलाच नाही. मला वाटलं, मी हुशार आहे. त्याला पुरावाही होता, समोर रेघच होती.

ऑगस्टमध्ये त्यांचा सीझन सुरू झाला आणि मी पाच-पाच डॉलरनी सुरुवात केली. पहिल्या शनिवारी चारपैकी तीन जिंकले. दुसऱ्या शनिवारीही तसंच. मी आईला नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि उगाच विषय काढला. आई शाळेत गणित शिकवून रिटायर झालीये. तिला हे कळेल आणि आवडेल असं मला वाटलं.

"म्हणजे सट्टा," आई म्हणाली.

"सट्टा नाही गं. सट्ट्यात माणूस अंदाजानं लावतो. हे गणित आहे. समजा एक नाणं आहे. छाप पडली तर कोणी तुला रुपयाचे दोन रुपये दहा पैसे देतंय. दोन रुपये दिले असते तर बरोबरी. वरचे दहा पैसे ही व्हॅल्यू. एकदा हरशील, दोनदा हरशील, पण हजारदा खेळलीस तर जिंकणारच."

आईनं ऐकून घेतलं. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बारीक केला आणि परत येऊन विचारलं, "नाणं कोणाचं आहे?"

"म्हणजे?"

"नाणं तुझं की त्यांचं?"

"त्यांचं. पण तो मुद्दा नाहीये."

"बरं," आई म्हणाली, आणि माझ्या मुलीचे केस वाढलेत का ते विचारायला लागली.

सप्टेंबरपर्यंत मी मॅचेस बघायला लागले. नवऱ्याला आधी आनंद झाला. बायको पंधरा वर्षांनी शेजारी येऊन बसली, तिच्या हातात घडी घालायचा टॉवेल नाही, डोळे टीव्हीवर. त्यानं मला मोठ्या हौसेनं सांगायला सुरुवात केली, की हा डावीकडचा पोरगा बघ, बॉल नसताना कसा पळतो ते बघ. मी मान हलवत होते. तेवढ्यात गोल झाला आणि मी दोन्ही हात वर केले.

"अगं, आपल्यावर झाला," तो म्हणाला.

"आपण कोण?"

"निळे. गेले तासभर मी काय सांगतोय?"

"मला चालतंय. अजून एक हवा फक्त."

"कुणाचा?"

"कुणाचाही. कुणीही मारा, पण गोल मारा."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. हरणाऱ्या संघावर जीव टाकणारी माणसं त्यानं पाहिली होती, दुसऱ्या पेठेच्या नावानं बोटं मोडणारी पाहिली होती. पण ज्याला गोल हवाय आणि तो कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही, असा माणूस त्याच्या कोल्हापुरात नव्हता. "हे काय खरं नव्हे," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर डावीकडच्या पोराबद्दल त्यानं मला काही सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी मुलीची मॅच होती. हवा थंड झालेली. बाकीच्या आया फोल्डिंगच्या खुर्च्या, ब्लँकेटं, कॉफीचे थर्मास घेऊन आल्या होत्या. मीही खुर्ची नेली होती आणि अर्थात फोनही. तिकडे युरोपात त्या वेळी दोन मॅचेस चालू होत्या आणि दोन्हींमध्ये दोन-दोन गोल होऊन सगळं अडलं होतं. मी खाली फोनकडे बघत होते, वर मैदानाकडे बघत होते. मैदानावरही एक-एक झाला होता, म्हणजे तिथेही दोनच. माझ्या डोक्यात तिन्ही मॅचेसचं एकच कालवण झालं असावं. समोरच्या संघाची एक उंच मुलगी बॉल घेऊन सरळ आमच्या गोलकडे धावत आली, सगळे उभे राहिले, मीही उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "चल चल चल, अजून एक."

बॉल आत गेला. माझ्या मुलीच्या हाताच्या जरा पलीकडून.

माझ्या तोंडातून "येस" निघालं होतं की नाही, याबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. शेजारच्या अमेरिकन आईला मराठी कळत नव्हतं. तिनं माझ्या दंडावर थोपटलं. नवऱ्याला मराठी कळत होतं. मुलगी जाळ्यातून बॉल काढताना आमच्याकडे बघत होती, आणि तिला मराठी बोलता येत नसलं तरी ऐकलेलं सगळं कळतं.

परतताना गाडीत तिनं हातमोजे काढून बाजूला ठेवले. मग मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, डिड यू से 'अजून एक'?"

"मी दुसऱ्या मॅचबद्दल म्हणत होते. फोनवरच्या."

"बट यू वर लुकिंग ॲट मी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडी चालवत होता, त्यानं मदत केली नाही. घरी गेल्यावर मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. आमच्याकडे माफी मागायची असली की मी साबुदाणा भिजवते. तिनं खाल्ली, पण ताट सिंकमध्ये ठेवताना म्हणाली, "यू डोंट हॅव टू कम नेक्स्ट संडे. इट्स फाइन."

त्या दिवशी मी हे सगळं बंद केलं असं लिहिता आलं असतं तर माझी प्रतिमा जरा बरी दिसली असती. मी फक्त एवढं केलं की मुलीच्या मॅचला फोन गाडीत ठेवून जायला लागले. मॅच संपली की सगळ्यांच्या आधी गाडीकडे पळायचे. नवरा म्हणायचा, काय बाथरूमला जायचंय का.

दरम्यान माझं जिंकणं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. याची कारणं मी व्यवस्थित नोंदवली होती. एका मॅचमध्ये खेळाडूला लाल कार्ड मिळालं आणि दहा जण बचाव करत बसले. ती मॅच अपवाद. एका ठिकाणी इतका पाऊस पडला की बॉल चिखलात रुतत होता. तीही अपवाद. एकदा रेफरीनं चक्क झालेला गोल रद्द केला. शीटमध्ये मी 'अपवाद' नावाचा रकाना केला आणि अशा मॅचेस तिकडे हलवल्या. उरलेल्या मॅचेसमध्ये मी छान जिंकत होते. पैजेची रक्कमही वाढवली होती, कारण व्हॅल्यू असताना कमी लावणं हा मूर्खपणा आहे, असं मीच नवऱ्याला समजावून सांगितलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ॲपकडून मेल आला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी तो उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तुमच्या खात्यावर रोजच्या रकमेची मर्यादा घालण्यात आली आहे. मी पुढे वाचलंच नाही. या धंद्यातली एक गोष्ट मला ठाऊक होती. जो माणूस सारखा जिंकतो त्याला या कंपन्या नको असतात, मग त्या त्याचे हात बांधतात. ज्यांनी खरोखर गणित सोडवलंय त्यांना असे मेल येतात. माझ्या कामात प्रमाणपत्रांना फार महत्त्व आहे, मी दहा वर्षं परीक्षा देत होते. पण कुठलाच निकाल वाचून मला असं भरून आलं नव्हतं. मी तो मेल तिथूनच नवऱ्याला फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं, "घाबरले मला." त्यानं अंगठा पाठवला. त्यानंही तो वाचला नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या एका मैत्रिणीकडे दिवाळीच्या फराळाचं पॉटलक होतं. तीस-पस्तीस माणसं, बेसमेंटमध्ये पोरं, वर चकल्या आणि कागदी प्लेटा. मी बोलता बोलता विषय तिकडे नेला, फार न्यावा लागला नाही. बघता बघता पाच-सहा पुरुष माझ्याभोवती जमले. एरवी ही मंडळी स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्याला टेकून घरांच्या व्याजदरांबद्दल बोलतात आणि मी तिथून नुसती चटणीची वाटी उचलून जाते. आज ते मला प्रश्न विचारत होते. मी अपेक्षित मूल्य समजावलं, नाण्याचं उदाहरण दिलं, गोल हा अपघात असतो हे सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "तर काय, त्यांनी मला लिमिट केलं."

घोळक्याच्या कडेला एक मुलगी उभी होती. पुण्याची, शिकागोला युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करणारी. सणाला एकटी नको म्हणून मैत्रिणीनं तिला ट्रेननं बोलावून घेतलं होतं.

"काकू, मेल बघू शकते का? मी असा मेल कधी पाहिला नाही," ती म्हणाली.

काकू म्हटल्याचं मला जरा लागलं, पण प्रमाणपत्र दाखवायची हौस जास्त होती. मी फोन तिच्या हातात दिला. ती वाचत गेली तसा तिचा चेहरा बदलला. तिनं आवाज अगदी खाली आणला.

"काकू, तुम्ही खाली स्क्रोल केलंत का?"

"का? काय आहे?"

ती काही बोलायच्या आत शेजारच्या काकांनी फोन घेतला. हे काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला आणि शाखेत सर्क्युलर वाचून दाखवावं तसा तो मेल खोलीला वाचून दाखवला. इंग्रजी वाक्य वाचायचे, मग मराठीत सांगायचे.

"आपण गेल्या काही आठवड्यांत नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेळा ॲपवर येत आहात, तसेच हरल्यानंतर रक्कम वाढवत आहात, असे आमच्या निदर्शनास आले आहे. आपल्या हितासाठी ही मर्यादा घातली आहे. कोणाशी बोलावंसं वाटल्यास खालील नंबरवर चोवीस तास माणूस उपलब्ध आहे, आणि ही सेवा मोफत आहे." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे त्यांना तुमची काळजी वाटतीय. चांगली कंपनी दिसते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकानं विचारलं, अनारसे कोणी केलेत, आणि सगळे एकदम अनारशांकडे गेले.

गाडीत बसल्यावर नवऱ्यानं इंजिन चालू केलं, पण गाडी काढली नाही.

"मला वाटलं तू जिंकतीयस," तो म्हणाला.

"जिंकतेच आहे. अपवाद सोडले तर."

"अपवाद किती आहेत?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"हाऊ मेनी, आई?" मागून आवाज आला.

घरी जाऊन मी मोजले. अपवाद जवळजवळ निम्मे होते. ते परत त्यांच्या जागी ठेवल्यावर जे दिसलं त्यानं मला आश्चर्य वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. मला ते माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या रकान्यात ठेवली की माहीत नसल्यासारखी होते, एवढंच. नवरा दारात उभा होता. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "लई दमलीस बघ तू. झोप आता," आणि दिवा बंद करून गेला. त्याच्या रागाची मी तयारी केली होती. या वाक्याची केली नव्हती, त्यामुळे मला रडू आलं.

पण एवढं होऊनही मला एक आशा होती, की मी हरले असेन पण गणित बरोबर असेल. नशीब वाईट असू शकतं. जुन्या मॅचेसवरची ती सुंदर रेघ तर खोटी नव्हती? दोन दिवसांनी मी ते शीट त्या पुण्याच्या मुलीला पाठवून दिलं. वर लिहिलं, "वेळ मिळाला तर बघ." त्याचा अर्थ, मला निर्दोष ठरव.

तिनं रविवारी दुपारी कॉल केला. माझं शीट तिच्या स्क्रीनवर उघडं होतं. तिनं आधी पाच मिनिटं शीटचं कौतुक केलं. रंग किती नीट दिलेत, रकान्यांना नावं किती स्पष्ट आहेत. मग म्हणाली, "काकू, एक बावळट प्रश्न विचारू?"

शहाणी माणसं बावळट प्रश्न विचारायला लागली की आपण बसून घ्यावं. मी बसले.

"ही शेवटच्या दहा मॅचेसची सरासरी आहे ना, ती पुढच्या मॅचसाठी वापरताय?"

"हो."

"मग या ओळीतल्या सरासरीत याच ओळीतली मॅच कशी आली?"

मी सूत्राकडे बघितलं. एक ओळ. मी सूत्र खाली ओढताना ते एक ओळ जास्त खाली सुरू झालं होतं. मॅचच्या आधी काढायच्या सरासरीत त्याच मॅचचे गोल धरले जात होते. म्हणजे माझं शीट निकाल सांगत होतं, पण निकाल बघून सांगत होतं. जुन्या मॅचेसवर ते हुशार दिसणारच. उत्तरपत्रिका हातात असलेलं पोर कधी नापास होतं? आणि न झालेल्या मॅचच्या ओळीत गोल रिकामे, त्यामुळे तिथे ते गपगुमान नऊच मॅचेसची सरासरी देत होतं. चूक कुठे दिसायलाही जागा नव्हती.

"दुरुस्त केल्यावर रेघ कशी येते?" मी विचारलं.

तिनं ती काढून ठेवली होती. तिनं दाखवली. जिना राहिला नव्हता. घसरगुंडीही नव्हती, त्यातही काही शोभा असते. हळूहळू खाली जाणारी रेघ होती, बरोबर तेवढ्या वेगानं, जेवढं ॲप प्रत्येक भावात स्वतःसाठी काढून ठेवतं.

"आता तुमचं मॉडेल चुकीचं नाहीये, काकू," ती म्हणाली. "फक्त जे त्यांना माहीत आहे तेच तुम्हालाही माहीत आहे."

हे माझं सांत्वन होतं. मला दरवर्षी ऑफिसात एक ट्रेनिंग द्यावं लागतं. त्यात एक पूर्ण स्लाइड आहे, की पुढचा डेटा मागच्या अंदाजात शिरू देऊ नका. त्या स्लाइडवर मी स्वतः लाल रंगाचा बाण काढलाय. हे मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.

खातं मी त्याच संध्याकाळी बंद केलं. ॲपनं कारण विचारलं आणि पाच पर्याय दिले. माझं कारण त्यांत नव्हतं, मी 'इतर' वर टिक केलं. एकूण गेलेल्या पैशांत एक बऱ्यापैकी वॉशिंग मशीन आलं असतं. आमचं जुनं घरघरतं, त्यामुळे नवऱ्याला ही तुलना नेमकी समजली. मुलीला मी वेगळं बसवून सांगितलं, की मी चुकले, आणि त्या दिवशी तुझ्याकडे बघूनच ओरडले होते. ती म्हणाली, "आय नो." मग म्हणाली, "यू कॅन कीप कमिंग ऑन संडेज. बट सिट विथ डॅड." मी गेले आणि डॅडच्या शेजारी बसले. मॅच कशी झाली ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी आकडे सांगायचं सोडलेलं नाही.

जानेवारीत, घराबाहेर गुडघाभर बर्फ असताना, त्या पुण्याच्या मुलीचा मेसेज आला. ती युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तिला माझं शीट गृहपाठात वापरायचं होतं. "तुमचं नाव नाही टाकणार, काकू. नुसतं 'एक विश्लेषक' असं लिहीन." मी हो म्हटलं. नाव नाही टाकणार याचं क्षणभर वाईट वाटलं हेही कबूल करते.

तो गृहपाठ तिनं मला पाठवला. चौथा प्रश्न माझा होता. एका विश्लेषकानं असं असं शीट तयार केलं, जुन्या मॅचेसवर त्याचा निकाल असा आला, तर चूक शोधा आणि ती का दिसली नसेल ते लिहा. मी म्हटलं, हा तरी आपल्याला यायला हवा. शनिवारची सकाळ होती, खाली टीव्ही चालू होता. मी वरच्या खोलीत बसून व्यवस्थित उत्तर लिहिलं. आधी चूक, मग ती का दिसली नाही याची कारणं. विश्लेषकाचा अनुभव, त्या अनुभवातून आलेला आत्मविश्वास, कामाचा ताण, घरचं वातावरण, ॲपच्या जाहिराती, शीटमध्ये ओळींचे क्रमांक किती बारीक दिसतात. दीड पान झालं. गंमत म्हणून तिला पाठवून दिलं.

तिनं ते खरंच तपासलं. बाकीच्या पोरांच्या पेपरांबरोबरच तपासलं असावं, कारण कोपऱ्यात लाल अक्षरात गुण होते. दहापैकी आठ. खाली शेरा होता, "उत्तर बरोबर. कारणं फार दिली आहेत."

फेरतपासणीची मागणी करणारा एक मेल मी लिहिला होता. तो पाठवला नाही.